काट्यावरचं टर्मिनल

नवऱ्याचं तेरावं उरकून समीक्षा साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर पुन्हा कामाला आली. बाहेर उसाच्या ट्रॉल्या खोळंबल्या होत्या. तिनं जुनाट टर्मिनल चालू केलं. पडद्यावर नेहमीसारखा इंग्रजी अक्षरांतला मराठी प्रश्न उमटला: ‘जेवलीस का?’ कारखान्यातली ही जुनी संगणक यंत्रणा तिचा नवराच सांभाळायचा. बाकीच्या टर्मिनलांवर आधी नुसतं ‘लॉगिन’ यायचं. फक्त तिच्या टर्मिनलच्या सेटिंगमध्ये त्यानं हा प्रश्न घालून ठेवला होता. ती रोज हसायची आणि उत्तरादाखल आपलं नाव टाकायची, मग पासवर्ड. त्याच्या जागी आलेला माणूस मागून म्हणाला, “वैनी, हितं भलतंच कायतरी पडलंय की. दुरुस्त करू?” “करा.” त्यानं मुख्य मशीनवर जाऊन सेटिंग बदललं. पडदा कोरा झाला, मग तिथं ‘लॉगिन’ आलं. समीक्षानं शेजारच्या भरल्या डब्याकडं पाहिलं आणि सावकाश टाइप केलं: ‘न्हाई.’ मशीननं पासवर्ड मागितला.