पिवळ्या पुडीचं पाणी

शनिवारी आकडा सत्त्याण्णव होता आणि आज, गुरुवारी, सरळ ऐंशी! उज्ज्वला स्क्रीनकडे बघतच राहिली.

प्लेग जाऊन दोन वर्षं झाली होती, सुरतेत आता जुलाबाची साथ होती. वॉर्डात पोरंच पोरं. कुणाला पिवळी पुडी, कुणाला पांढरी, पाण्यात घालून पाजायची. नवं औषध कुठल्या पुडीत, ते वॉर्डात कुणालाच माहीत नाही. उज्ज्वला सुरतेतल्याच उधन्याची, स्टॅटिस्टिक्स शिकलेली. कोण बरं झालं ते ती रोज कॉम्प्युटरात घालायची आणि पिवळी भारी असल्याची खात्री शंभरात किती, ते काढायची. नव्याण्णव झाली की ट्रायल बंद, सगळ्यांना पिवळी. ट्रायल चालवणाऱ्या डॉक्टर पारेखांना पुड्यांत फरक असेल असं वाटतच नव्हतं. म्हणून तिनं त्यांची शंकासुद्धा पहिल्याच दिवशी गणितात धरलेली. तरी आकडा चढत होता! आणि आता हे.

"जोयुं? बघितलंस?" पारेख म्हणाले. "शनिवारी तुझं ऐकून ट्रायल बंद केली असती तर? अजून दोन महिने चालू दे."

दोन महिने! म्हणजे पांढऱ्या पुडीवाली पोरं दोन महिने सुकत राहणार. उज्ज्वला परत आकड्यांत घुसली. पिवळीवाली आधीसारखीच भराभर बरी होत होती. पांढरीवालीच सोमवारपासून अचानक उठून बसायला लागलेली. का पण?

ती वॉर्डात पळाली, मागोमाग पारेख. कोसाड वस्तीतली कलाबाई आपल्या पोराचा पिवळ्या पाण्याचा तांब्या शेजारच्या खाटेवरच्या पोराच्या तोंडाला लावत होती. पलीकडच्या खाटेवरही तेच. शेजारच्याला न देता फक्त आपल्याच पोराला पाजायचं, हे खानदेशातून सुरतेत आलेल्या या बायांच्या गल्लीत चालतच नाही.

पारेखांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "सोमवारपासून बधाने, सगळ्यांनाच, पिवळीत धर," ते हळूच म्हणाले.

उज्ज्वला धावत गेली, आकडे फिरवले. नव्याण्णव पार! पारेखांनी तिथंच सही केली, ट्रायल बंद. ती तशीच धापा टाकत परत वॉर्डात आली.

"मावशी, आता वाटू नका. आजपासून सगळ्यांना पिवळीच!"

कलाबाई तांब्या विसळत होती.

"आमचं तर सोमवारीच ठरलं," ती म्हणाली. "तुमचं अजून चालूच व्हतं का, बाई?"