सात पंप

स्टोअरकीपरचा संसार बावीस वर्षं एकाच भांडणावर टिकला होता: तो आवरायचा, बायको पसरायची. तिचे दम्याचे पंपसुद्धा सोफ्यात, बुटांत, पुस्तकांमागे सापडत. रविवारी त्याने सातही पंप डब्यात भरले, लेबल चिकटवलं आणि डबा कपाटात कुलूपबंद केला. आज दुपारी तिचा श्वास अडकला आणि खुंटीवर किल्ली नव्हती. “कुठे टाकलीस गं?” तो ओरडला. तिने हाताने सगळं घर दाखवलं. चुकूनमाकून राहिलेल्या पंपासाठी त्याने सोफा उलटला, बूट झटकले, पुस्तकं पाडली. एकही सापडला नाही. आवरणाऱ्याचं काम चोख होतं. तिचे ओठ निळे पडले. हातोडा मात्र जागेवर होता. तिसऱ्या घावाला कपाट फुटलं. दोन फवाऱ्यांनंतर ती पुटपुटली, “हे आता कोण आवरणार?” “गप्प बस,” तो रडत म्हणाला आणि उरलेले सहा पंप घरभर फेकू लागला.