पुढचं पुढच्या वेळी

"होडी धक्क्याला लागली, तर आत माणूस नाही. स्टोव्हवर कालवण मात्र रटरटतंय," किशोरी म्हणाली आणि गप्प बसली.

शेजारच्या खुर्चीतले बुधाजीकाका तिच्या तोंडाकडे टक लावून बघत होते. दोघांच्याही हाताला सुया होत्या आणि पाठीशी आपापलं मशीन घरघरत होतं.

"मंग?" काकांनी विचारलं.

"मग पुढच्या वेळी."

काकांनी मुकाट्याने मान हलवली आणि ते उशीला टेकले. किशोरीला गालातल्या गालात हसू आलं. मासा गळाला लागला होता.

पनवेलच्या त्या डायलिसिस सेंटरमध्ये दोघांची पाळी एकाच वेळी यायची, दिवसाआड. किशोरी कॉलेजात मराठी शिकवायची. कथेत आणि सिनेमात उत्कंठा कशी निर्माण होते, हा तिचा हातखंडा विषय. "नुसतं लपवून काही होत नाही," ती मुलांना सांगायची. "पलंगाखाली साप आहे हे वाचकाला ठाऊक हवं आणि पलंगावर झोपणाऱ्याला नको. मग बघा, वाचक जागचा हलतो का." पुढे मूत्रपिंडांनी दगा दिला, कॉलेज सुटलं आणि हे सगळं शहाणपण बिनकामाचं होऊन घरी बसलं. सुरुवातीला ती या खुर्चीत भिंतीकडे तोंड करून रडायची. तिचा नवरा परेश दर वेळी लहान मुलासारखी समजूत काढून तिला घराबाहेर काढायचा.

मग एक दिवस नर्स अंकिता सुई लावता लावता हळूच म्हणाली, "मॅडम, हे शेजारचे काका आता येणार नाही म्हणतात. मुलाला सांगितलंय, पुरे झालं."

किशोरी चरकली. जो विचार ती स्वतः चोरून करत होती, तोच आता दुसऱ्याच्या नावाने ऐकू आला होता. काका गव्हाणचे. सगळा जन्म खाडीत आणि समुद्रात गेलेला. मुलगा बाळू रिक्षाने आणून सोडायचा आणि कामावर पळायचा. कोणाशी बोलणं नाही, चालणं नाही. अशा माणसाला उपदेश करून काय उपयोग? किशोरीकडे देण्यासारखी एकच विद्या होती. तिने सरळ गोष्ट सांगायला सुरुवात केली आणि खून होण्याच्या ऐन क्षणी तोंड मिटलं.

पुढच्या वेळी काका हजर होते. त्याच्या पुढच्या वेळीही.

"तुम्ही सांगायला लागल्यापासून काका एकदाही चुकलेले नाहीत," अंकिता म्हणाली आणि नळी नीट करायला वळली.

असा श्रोता किशोरीला वर्गात कधी लाभला नव्हता. मधेच एखादं मशीन किंचाळायचं, अख्खा हॉल दचकायचा, पण काकांची नजर तिच्यावरून ढळायची नाही. त्यांना शेवट ओळखायची घाई नव्हती. "काका, खुनी कोण वाटतो?" असं तिने विचारलं, की ते नुसते हसायचे आणि म्हणायचे, "तुमी सांगा."

गोष्ट घरी परेशच्याही कानावर पडायची. तो उरणकडचा. एकदा जेवता जेवता त्याने घास हातातच थांबवला. "अगं, भर ओहोटीत खाडीतून होडी काढलीस? तेव्हा नुसता चिखल असतो. हे काकांनी चालवून घेतलं?"

"गोष्ट रंगली की माणूस ओहोटीसुद्धा विसरतो," किशोरी तोऱ्यात म्हणाली.

परेश हसला. हल्ली तिची समजूत काढावी लागत नाही, उलट तीच पिशवी भरून दारात उभी असते, हे त्याच्या लक्षात आलं होतं. पण तो बोलला नाही. बोललं की नजर लागेल असं त्याला वाटायचं.

गोष्ट मात्र संपत आली होती. संशय घ्यायला आता एकच माणूस उरला होता. आणखी लांबवली तर ऐकणारा कंटाळणार, हे किशोरीइतकं कोणाला कळणार? पण संपवली तर? नवी गोष्ट काकांना धरून ठेवेल याची काय खात्री? पुढच्या वेळी ती खुर्ची रिकामी दिसली तर, या विचाराने त्या सकाळी तिला चहासुद्धा गेला नाही.

त्या दिवशी काकांसोबत बाळू नव्हता. त्यांची बायको भीमाबाई आली होती. काकांना आत नेलं, तशी किशोरी बाहेरच्या बाकावर तिच्याजवळ जाऊन बसली.

"काकी, मी किशोरी. काकांच्या शेजारी असते ती."

"अगो बाय! मास्तरीण ना तू?" भीमाबाईने तिचा हातच धरला.

"काकी, आज गोष्ट संपतेय. शेवट कळला तरी काका यायचं सोडणार नाहीत ना? तुम्ही त्यांना सांगा, मी नवी सुरू करते म्हणून."

"कसली गोष्ट?"

"मी सांगते ती. ते ऐकतात ना दर वेळी."

भीमाबाई तिच्याकडे बघतच राहिली. "त्यांना कुठं ऐकाया येतं, बाय? होडीच्या इंजिनाजवळ बसून बसून कान कवाच गेले. आता ढोल वाजवला तरी कलत नाय."

"मग ते 'मंग?' कशाला विचारतात? आणि... येतात कशाला?"

"मी पण खुणा करून तेच इचारलं," भीमाबाई म्हणाली. "म्हनतात, त्या पोरीचं ऐकाया माझ्याबिगर हाय कोन? मी नाय गेलो, तर तीबी यायची नाय."