आत्याबाईंची शंका

"आत्याबाई पुन्हा अडून बसल्यात," ताई म्हणाली.

आत्याबाई म्हणजे त्यांचा कंपायलर. वेबपानाचा कोड चालवण्याआधी तपासणारा हा प्रोग्राम ताईने धाकट्या भावासोबत बनवला होता. शंका काढण्यात त्याचा हात कोणी धरला नसता, म्हणून हे नाव.

"आता काय?" गावाच्या दुसऱ्या टोकाला, ऑफिसात बसलेल्या भावाने विचारलं. ताई बसली होती तिथे मोबाईलला रेंज नव्हती. बोलणं लॅपटॉपवरूनच चाललं होतं.

"शीतगृहाचं पान. 'खोलीत कोणी नसेल तर' ही अट आहे, कुलपाचं बटण त्या अटीच्या आत आहे. तरी विचारतात, दाबताना कोणी असलं तर?"

"बरोबर आहे की. बटण दिसल्यावर कोणी आत गेलं तर?"

"चार दिवसांची सुट्टी लागतेय. कुलूप लावायच्या वेळी कोण मरायला जाईल आत?"

भाऊ हसला, पण अर्धवटच. "कुलूप लागलं की आतले दिवे, नेटवर्क, सगळं बंद होतं. परत एकदा बघ."

"आज चाललं नाही तर मालक दुसऱ्याला काम देतील. मग बघत बस."

तिने आईची शाल कानांवर ओढली. बाहेर माणसांची घरी जायची गडबड होती, म्हणून ती या शांत कोपऱ्यात पालथ्या खोक्यावर येऊन बसली होती. बोटं आखडली होती.

"आवाज कापतोय तुझा," भाऊ म्हणाला.

"थंडी वाजतेय जरा."

"ताप असेल. घरी जाऊन झोप मुकाट्याने."

"एवढं झालं की निघते."

तिने कोडमध्ये एक उद्गारचिन्ह ठोकलं. मी तपासलंय, आता बोलू नका, असा त्याचा अर्थ. आत्याबाई गप्प झाल्या. पडद्यावर हिरवी ओळ उमटली: शंका नाही.

ताईला बरं वाटलं. बाहेरची गडबडही एव्हाना थांबली होती.

"चढवलंय. पान नव्याने उघड आणि बघ."

"नव्याने कशाला? सकाळपासून समोर उघडंच आहे. आत कोणी नाही म्हणतंय, अडलेलं बटणही आता चालू झालंय. दाबतो."

"सकाळपासून?" ताईच्या कपाळाला आठी पडली. "अरे, मग ते सकाळचंच सांगतंय! थांब..."

खाडकन आवाज झाला. दिवा गेला. भावाचा आवाजही गेला.

हिरव्या ओळीच्या उजेडात छतापर्यंत रचलेल्या सफरचंदांच्या पेट्या दिसत होत्या, आणि त्यांच्या पलीकडे हातभर जाडीचं, बंद झालेलं दार.