लक्ष नव्हतं

समोरच्या अर्धवट इमारतीवरून माणूस पडला, तेव्हा मंदाताई खिडकीशी उभ्या होत्या. त्या किंचाळल्या. आतून जावई, क्षितिज, धावत आला.

"काय झालं, आई?"

त्यांनी नुसतं बोट दाखवलं. पण माणूस खाली पोचलाच नव्हता. अंगावरच्या पट्ट्याला तो हवेत लोंबकळत होता. वरच्या दोघांनी त्याला ओढून घेतलं. एकाने पाणी दिलं. दुसरा काहीतरी बोलला, आणि पडलेला माणूस चक्क हसला.

मंदाताई खुर्चीत बसल्या.

त्यांचे यजमान, नंदकुमार, याच कुवेतमध्ये, खैतान भागात सेंटरिंगचं काम करायचे. लेक शलाका तेव्हा तान्ही होती. बारशालाही ते आले नव्हते. गावात फोन नव्हता. कॅसेटवर बोलायचं आणि कुणी कुवेतला निघालं की त्याच्याबरोबर पाठवायची. रागाच्या भरात मंदाताई कॅसेटवर म्हणाल्या, "लेकीचं तोंड बघायचं नसेल, तर येऊच नका." कॅसेट पोचली. दुसऱ्या दिवशी नंदकुमार परांचीवरून पडले.

शवपेटीबरोबर गावचाच फोरमन आला होता. सगळ्यांदेखत म्हणाला, "वहिनी, त्याचं लक्षच नव्हतं हो. रात्रभर तुमची कॅसेट ऐकत होता." सासूबाई मरेपर्यंत सुनेच्या हातचं पाणी प्यायल्या नाहीत. मंदाताईंनी कधी तक्रार केली नाही. शिक्षा त्यांना रास्तच वाटायची. शलाकाला त्यांनी एवढंच सांगितलं, की वडील अपघातात गेले.

क्षितिजने पाणी आणून दिलं. तो तेल कंपनीत सेफ्टीचं काम बघायचा. असलं काही त्याला नवं नव्हतं.

"पडला कसा तो?" मंदाताईंनी विचारलं.

"लक्ष नसेल. घरचं काहीतरी डोक्यात असेल."

"घरचं?"

"माणूसच आहे, आई. कुणाचं घरी भांडण झालेलं असतं, कुणाचं पोर आजारी असतं. लक्ष उडायचंच. ते धरूनच तर पट्टा बांधायला लावतात."

"पूर्वी नव्हते पट्टे?"

"होते की. पण देणारे ठेकेदार थोडे. माणूस गेला की दुसरा मिळायचा ना."

समोर पुन्हा ठोकाठोक सुरू झाली. पेला त्यांच्या हातात तसाच होता.

"आई, बरं वाटतंय ना? शलाकाला क्लिनिकमधून बोलावू?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली. मग त्याच्याकडे वळून म्हणाल्या, "क्षितिजराव, पट्टा दिला नव्हता, असं का नाही सांगितलं त्या फोरमनने? माझंच नाव का सांगितलं?"