दोरीवरचं कुंकू

माझ्या थोरल्या बहिणीचं, कुमुदताईचं, स्पर्धेतलं रिकर्व्ह धनुष्य ती गेल्यापासून, म्हणजे बारा वर्षं, आमच्या गाझियाबादच्या फ्लॅटमध्ये कपाटावर पडून होतं. या दसऱ्याला ते मानेसरच्या मुलींच्या तिरंदाजी क्लबला द्यायचं ठरवून मी दुरुस्तीला बसलो. मुठीच्या वरची आणि खालची तडकलेली दोन्ही पाती बदलली, नवी पांढरी दोरी चढवली. जुनी राहिली ती फक्त मूठ.

"ताई हे कुणाला हातही लावू देत नसत," अरुणा, माझी बायको, म्हणाली.

"आता ती कुठे अडवायला येणार आहे? चलो, पूजेत मांड."

खंडेनवमीला धनुष्य पाटावर ठेवलं. अरुणाने दोरीच्या मधोमध बोटाने ओलं कुंकू लावलं. या दिवशी शस्त्र चालवायचं नसतं. ताईने हे कधी ऐकलं नाही. तिला रोजचा सराव हवाच असायचा. दोरी पूर्ण ओढली की नाकाच्या शेंड्याला आणि हनुवटीला टेकते. ताईच्या हनुवटीवर दोरीचा बारीक वळ कायमचा उमटला होता.

आम्ही दोघं जेवून परत आलो. धनुष्य पाटावर जागच्या जागी होतं. दोरी मधोमध स्वच्छ पांढरी होती.

"तू पुसलंस?"

"मी तर तुमच्यासमोर जेवत होते."

बोलताना अरुणा भिंतीकडे बघत होती. तिथे टांगलेल्या ताईच्या फोटोवर नाकाच्या शेंड्यापासून हनुवटीपर्यंत एक लाल रेघ होती.

मी ओल्या फडक्याने काच पुसली. रेघ गेली नाही.

मग फ्रेम उतरवली, मागचे खिळे काढले, काच बाजूला केली आणि फोटोवर बोट फिरवलं. कुंकू अजून ओलं होतं.