डोंगर ओ देतो

एको पॉइंटवर पोचलं की गाइड प्रत्येकाला सांगायचा, "आपल्या माणसाला हाक मारा, डोंगर ओ देतो!"

आज एका पर्यटकाने हाक मारायच्या ऐवजी, फोटो हलला म्हणून बायकोच्याच कानाखाली जाळ काढला. समोरच्या कड्याने तो आवाज तीनदा परत केला आणि गाइडचं डोकं फिरलं. "बाईमाणसावर हात टाकतोस, नालायका?" म्हणत त्याने पर्यटकाला कठड्याशी दाबून, नाकातोंडातून रक्त येईस्तोवर बुकलून काढलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी गाइडची चाहूल लागताच त्याच्या बायकोने शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून, रोजच्यासारख्या खिडक्या लावून घेतल्या. तो आत आला. त्याची सुजलेली, रक्ताळलेली मूठ तिने पाहिली आणि एक खिडकी हळूच उघडली.



"बरं झालं," ती पुटपुटली, "आज बाहेरच भागलं."